चिनी नागरिकांचा परदेश प्रवास व व्यवसाय प्रवास : वाढीची कारणे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने अन्वयार्थ (नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जागतिक पर्यटनाच्या नकाशावर जवळपास अदृश्य असलेला चिनी प्रवासी २०१२ पर्यंत जगातील सर्वाधिक खर्च करणारा प्रवासी ठरला. प्रस्तुत लेखात या वाढीचे टप्पे आणि कारणे स्पष्ट केली असून, भारताच्या व विशेषतः महाराष्ट्राच्या वाट्याला या प्रवाहाचा इतका अल्प अंश का आला, याचा विचार केला आहे. परदेश प्रवासाची वाढ केवळ उत्पन्नवाढीतून होत नाही. शासनाची परवानगी, थेट वाहतूक आणि भाषेची सोय या तीन गोष्टी प्रवाहाची दिशा ठरवितात, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या विषयाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचीही चर्चा अखेरीस केली आहे.

बीजसंज्ञा : परदेश प्रवास, व्यवसाय प्रवास, मान्यताप्राप्त गंतव्य, व्हिसा धोरण, उत्पन्नाची गळती, अजिंठा, नंदुरबार.

प्रस्तावना

पर्यटन भूगोल किंवा पर्यटनाचे अर्थशास्त्र शिकविताना ‘परदेशी पर्यटक’ म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर युरोप-अमेरिकेतून आलेला गौरवर्णीय प्रवासी उभा राहतो. अनेक पाठ्यपुस्तकांतील उदाहरणेही त्याच वळणाची असतात. प्रत्यक्षात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जागतिक प्रवासाच्या रचनेत जो सर्वांत मोठा बदल घडून आला, तो आशियात आणि त्यातही चीनमध्ये घडला. बँकॉक, माले, काठमांडू या आपल्या शेजारच्या शहरांची अर्थव्यवस्था या बदलाने ढवळून निघाली. महाराष्ट्रात मात्र हा बदल चाकण-रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात आणि काही अंशी वेरूळ-अजिंठ्याच्या परिसरातच जाणवला.

चीन आणि महाराष्ट्र यांच्यातील प्रवासाचा संबंध नवा नाही. सातव्या शतकात, इ. स. ६४१ च्या सुमारास, चिनी भिक्षू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता. चालुक्य नृपती दुसरा पुलकेशी, येथील लोकांचा स्वाभिमानी स्वभाव आणि पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेला एक विहार यांचे वर्णन त्याने आपल्या वृत्तांतात केले आहे. हा विहार म्हणजे अजिंठा होय, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. महाराष्ट्रातून निघून नर्मदा ओलांडून तो भरुकच्छ म्हणजे आजच्या भडोचला पोहोचला, असे त्या वृत्तांतावरून दिसते. तापी आणि नर्मदा यांच्यामधील आजचा नंदुरबार जिल्हा या दोन प्रदेशांच्या दरम्यान येतो. तेराशे वर्षांनंतर, १९३८ मध्ये, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून उलट दिशेने चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निधन पावले. चीनचे नेते भारतभेटीवर आले असता कोटणीस कुटुंबीयांची भेट घेत आले आहेत. इतका जुना आणि आत्मीय संबंध असूनही आधुनिक चिनी प्रवासी महाराष्ट्रात का येत नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

उद्दिष्टे

१) चिनी नागरिकांच्या परदेश प्रवासाच्या वाढीचे टप्पे स्पष्ट करणे.
२) व्यवसाय प्रवास आणि विरंगुळ्याचा प्रवास यांतील संबंध समजून घेणे.
३) भारत व महाराष्ट्र यांच्या अल्प वाट्याची कारणे शोधणे.
४) नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाचे शैक्षणिक व सामाजिक महत्त्व विशद करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनसामग्रीवर आधारित आहे. आकडेवारी पूर्णांकाच्या जवळ आणून दिली आहे.

१. संकल्पनांचे स्पष्टीकरण

आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार आपल्या नेहमीच्या वास्तव्याबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळ राहणारी आणि तेथील संस्थेकडून वेतन न घेणारी व्यक्ती ही ‘अभ्यागत’ ठरते. ती किमान एक रात्र मुक्काम करीत असेल तर तिला पर्यटक म्हटले जाते. म्हणजेच कारखान्यातील यंत्र बसवून देण्यासाठी आलेला अभियंता, मालाची पाहणी करणारा खरेदीदार, प्रदर्शनात गाळा मांडणारा उत्पादक हे सर्व सांख्यिकीच्या दृष्टीने पर्यटकच होत. व्यवसाय प्रवास ही पर्यटनाहून वेगळी बाब नाही, ती पर्यटनाचीच एक शाखा आहे. आपल्याकडील चर्चेत मात्र या शाखेकडे बहुधा दुर्लक्ष होते.

दुसरी बाब मोजणीची. चीनचे आकडे व्यक्तींचे नसून फेऱ्यांचे आहेत. एकच व्यापारी वर्षातून सहा वेळा सीमेबाहेर गेला तर सहा फेऱ्या नोंदल्या जातात. शिवाय मुख्य भूमीतून हाँगकाँग व मकाव येथे जाणाऱ्यांचाही समावेश या आकड्यांत होतो आणि तो वाटा दीर्घकाळ निम्म्याच्या आसपास राहिला आहे. त्यामुळे ‘पंधरा कोटी चिनी लोक जगभर फिरले’ असे विधान शब्दशः घेता येत नाही. हा खुलासा लक्षात घेऊनही वाढीचा वेग विलक्षण आहे, हे पुढील तक्त्यावरून दिसून येते.

तक्ता क्र. १ : चीनच्या मुख्य भूमीतून बाहेर जाणाऱ्या फेऱ्या (सुमारे)

१९९५ — ४५ लाख
२००० — १ कोटी ५ लाख
२००३ — २ कोटी २ लाख
२००५ — ३ कोटी १० लाख
२०१० — ५ कोटी ७४ लाख
२०१२ — ८ कोटी ३० लाख
२०१९ — १५ कोटी ५० लाख

चोवीस वर्षांत ही संख्या सुमारे चौतीस पट झाली. २००३ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी ‘सार्स’ रोगाची साथ असतानाही फेऱ्यांची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली आणि चीनने जपानला मागे टाकले. २०१२ मध्ये चिनी प्रवाशांचा परदेशातील खर्च सुमारे १०२ अब्ज डॉलर झाला आणि खर्चाच्या बाबतीत जर्मनी व अमेरिका यांना मागे सारून चीन पहिल्या क्रमांकावर आला.

२. वाढीचे टप्पे : परवानगीचा इतिहास

ही वाढ सामान्यतः ‘लोकांच्या हाती पैसा आला’ या एका वाक्यात सांगितली जाते. ते अर्धसत्य आहे. पैसा असूनही प्रवासाची मुभा नसेल तर मागणी सुप्तच राहते. चीनमध्ये ही मुभा पायरीपायरीने देण्यात आली.

पहिली पायरी १९८३ ची. ग्वांगडोंग प्रांतातील नागरिकांना हाँगकाँगमधील नातेवाइकांच्या भेटीसाठी गटाने जाण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर १९९० पर्यंत थायलंड, सिंगापूर आणि मलेशिया या देशांची दारे अशाच नातेवाईक भेटीच्या निमित्ताने उघडली. प्रवासाचा खर्च परदेशस्थ नातेवाइकाने करावयाचा, अशी आरंभीची अट होती. परकीय चलनाची टंचाई हे त्यामागील कारण होते.

दुसरी पायरी १९९७ ची. स्वखर्चाने परदेशी जाण्यासंबंधीची तात्पुरती नियमावली त्या वर्षी लागू झाली आणि ‘मान्यताप्राप्त गंतव्य’ ही व्यवस्था रूढ झाली. या व्यवस्थेनुसार ज्या देशाशी चीनने करार केला आहे, त्याच देशात चिनी प्रवासी संस्था पर्यटकांचे गट नेऊ शकतात व त्याची जाहिरात करू शकतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना ही मान्यता १९९९ मध्ये, तर युरोपीय संघातील बहुतेक देशांना २००४ मध्ये मिळाली. भारताचा समावेश २००३ च्या सुमारास झाला. म्हणजे भारत या यादीत बहुतेक युरोपीय देशांच्या आधी होता. उशिरा मिळालेली मान्यता हे आपल्या अल्प वाट्याचे कारण म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी फुरसतीची. चीनमध्ये १९९५ पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला आणि १९९९ पासून राष्ट्रीय दिनाला जोडून आठवडाभराची सलग सुटी देण्यात येऊ लागली. ‘सुवर्ण सप्ताह’ या नावाने ओळखली जाणारी ही सुटी मुळात देशांतर्गत खप वाढावा म्हणून योजिलेली होती. परंतु तिने मध्यमवर्गाला प्रवासाची सवय लावली आणि पुढे तोच वर्ग सीमेबाहेर पडला. २००० च्या आसपास खासगी कारणासाठी जाणाऱ्यांची संख्या शासकीय कामासाठी जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाली, हे या संक्रमणाचे चिन्ह होय.

जे दार शासन उघडते, ते शासन बंदही करू शकते. दक्षिण कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारण्याचे ठरविल्यावर मार्च २०१७ मध्ये चीनने तेथे जाणारे पर्यटक गट थांबविले. परिणामी २०१६ मध्ये ८० लाखांवर असलेली चिनी पर्यटकांची संख्या २०१७ मध्ये ४२ लाखांच्या आसपास आली. ऑगस्ट २०१९ मध्ये तैवानला वैयक्तिकरीत्या जाणाऱ्यांना परवाने देणे थांबले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानशी वाद निर्माण होताच चीनने आपल्या नागरिकांना तेथे न जाण्याचा सल्ला दिला. चिनी प्रवास हा बाजारपेठेचा विषय आहे, तसाच तो परराष्ट्र धोरणाचाही विषय आहे.

३. व्यवसाय प्रवास : पर्यटनाची आघाडीची तुकडी

चीनच्या परदेश प्रवासाचा आरंभ विरंगुळ्यातून झाला नाही. नातेवाईक भेटीबरोबरच शासकीय शिष्टमंडळे, कारखान्यांच्या पाहणी-सहली आणि व्यापारी दौरे हे त्याचे मूळ रूप होते. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि निर्यातीबरोबर विक्रेते, तंत्रज्ञ, बँक अधिकारी व बांधकाम कंपन्यांचे व्यवस्थापक जगभर फिरू लागले. २०१५-१६ च्या सुमारास व्यवसाय प्रवासावरील एकूण खर्चात, देशांतर्गत प्रवास धरून, चीनने अमेरिकेला मागे टाकले. शासकीय खर्चाने होणाऱ्या दौऱ्यांवर मात्र डिसेंबर २०१२ मधील काटकसरीच्या नियमांनी बंधने आणली.

व्यवसाय प्रवाशाची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. तो हंगामावर अवलंबून नसतो. त्याचा खर्च कंपनी करते. तो एकाच ठिकाणी अधिक दिवस राहतो आणि पुनःपुन्हा येतो. त्याच्यामागून विमानसेवा येते, त्याच्या पसंतीची खानावळ येते, दुभाषा येतो. या सोयी एकदा निर्माण झाल्या की विरंगुळ्यासाठी येणाऱ्या प्रवाशाची वाट सोपी होते.

महाराष्ट्रातील चित्र या दृष्टीने बोलके आहे. हायर या गृहोपयोगी उपकरणांच्या कंपनीने २००७ मध्ये पुण्याजवळील रांजणगावचा कारखाना घेतला. बांधकाम यंत्रसामग्री बनविणाऱ्या सॅनी कंपनीने चाकणला कारखाना उभारला. रत्नागिरीजवळ जयगड येथील औष्णिक वीज प्रकल्पाची मुख्य यंत्रसामग्री शांघाय इलेक्ट्रिकने पुरविली. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या पहिल्या मेट्रोचे डबे नानजिंगहून आले, तर नागपूर मेट्रोचे डबे दालियानहून. अशा प्रत्येक व्यवहारात यंत्राबरोबर माणसेही प्रवास करतात : करारापूर्वी विक्री अधिकारी, उभारणीच्या वेळी अभियंते, नंतर देखभालीसाठी तंत्रज्ञ. भारतात येणाऱ्या चिनी प्रवाशांमध्ये व्यावसायिक कामासाठी येणाऱ्यांचा वाटा सर्व देशांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे अधिक राहिला, तो यामुळेच.

या प्रवासालाही परवानगीची कडी आहेच. २००९ मध्ये भारत सरकारने प्रकल्पांवर काम करणाऱ्या परदेशी कामगारांना व्यवसाय व्हिसाऐवजी रोजगार व्हिसा घेणे बंधनकारक केले. त्याचा सर्वाधिक परिणाम वीज प्रकल्पांवरील चिनी कामगारांवर झाला. एप्रिल २०२० मध्ये भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ज्या कंपन्यांशी सामंजस्य करार केले, त्यांत सुमारे ५,०२० कोटी रुपयांचे तीन करार चिनी कंपन्यांशी वा त्यांच्या भागीदारीतील कंपनीशी होते. त्यांपैकी तळेगाव येथील ग्रेट वॉल मोटर्सचा प्रस्ताव सुमारे ३,७७० कोटींचा होता. त्याच रात्री गलवान खोऱ्यात संघर्ष झाला. करार स्थगित राहिले आणि जुलै २०२२ मध्ये ग्रेट वॉल मोटर्सने भारतातील योजना सोडून दिली. तळेगावचा तो कारखाना पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने घेतला.

चिनी तंत्रज्ञांना व्हिसा मिळत नसल्याने आयात केलेली यंत्रे उभारणीविना पडून राहतात, अशी तक्रार उद्योगक्षेत्राकडून सातत्याने होत राहिली. त्यामुळे २०२४ मध्ये उत्पादन-प्रोत्साहन योजनेतील उद्योगांसाठी व्यवसाय व्हिसाची कार्यपद्धती काही अंशी सुलभ करण्यात आली. सुरक्षा आणि उत्पादन यांचा तोल साधण्याचा हा प्रश्न असून त्याचे उत्तर केवळ भावनेच्या आधारे देता येणार नाही.

४. भारताचा वाटा इतका अल्प का?

भारतात आलेल्या चिनी प्रवाशांची संख्या २००५ मध्ये सुमारे ४५ हजार, २०१० मध्ये १ लाख २० हजार, २०१६ मध्ये २ लाख ५१ हजार आणि २०१९ मध्ये ३ लाख ३९ हजार होती. वाढ निश्चितच आहे. परंतु त्याच २०१९ मध्ये थायलंडमध्ये सुमारे १ कोटी १० लाख, मालदीवमध्ये २ लाख ८४ हजार आणि नेपाळमध्ये १ लाख ६९ हजार चिनी प्रवासी गेले. काही लाख लोकवस्तीच्या मालदीवने भारताच्या जवळपास बरोबरी केली. याच सुमारास चीनला जाणाऱ्या भारतीयांची संख्या मात्र आठ लाखांच्या आसपास होती. ग्वांगझू येथे १९५७ पासून भरणाऱ्या कँटन मेळ्याला व यीवूच्या घाऊक बाजारपेठेला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांचा आणि तेथे वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यात मोठा भाग होता.

या अल्प वाट्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण व्हिसा. २०१५ हे ‘भारत भेट वर्ष’ म्हणून चीनमध्ये साजरे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधानांनी बीजिंगमध्ये चिनी नागरिकांसाठी ई-व्हिसाची घोषणा केली व जुलैअखेर ती अमलात आली. संख्येतील पुढील वाढ या निर्णयानंतरची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये महामारीमुळे ही सोय थांबली. सीमेवरील तणावामुळे ती स्थिती लांबली आणि २४ जुलै २०२५ पासून चिनी नागरिकांना पर्यटन व्हिसा देणे पुन्हा सुरू झाले. दरम्यानच्या काळात मलेशिया, सिंगापूर व थायलंड यांनी चिनी प्रवाशांना व्हिसाविना प्रवेश दिला होता. ८ जानेवारी २०२३ रोजी चीनने आपल्या सीमा खुल्या केल्या, तेव्हा दीर्घ काळ घरात कोंडलेला प्रवासी साहजिकच तिकडे वळला.

दुसरे कारण विमानसेवा. भारत-चीन थेट उड्डाणे २०२० मध्ये बंद पडली, ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कोलकाता-ग्वांगझू सेवेने पुन्हा सुरू झाली. मधली पाच वर्षे दोन शेजारी देशांतील प्रवाशाला बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे वळसा घ्यावा लागत होता.

तिसरे कारण भाषा व दैनंदिन सोयी. मँडरिन बोलणारा मार्गदर्शक, चिनी भाषेतील फलक, चिनी प्रवाशाला परिचित असलेली भ्रमणध्वनीवरील देयक पद्धती, सकाळी गरम पाणी व भाताची पेज या बाबी किरकोळ वाटतात. पण गटाने प्रवास करणाऱ्या मध्यमवयीन प्रवाशाचा निर्णय त्यांवरच ठरतो. थायलंडने त्या पुरविल्या, आपण पुरविल्या नाहीत.

५. अजिंठा आणि दुनहुआंग : न वापरलेला दुवा

मे २०१५ मध्ये तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधील दुनहुआंग या शहरांमध्ये भगिनी-शहर करार झाला. ही जोडी अत्यंत समर्पक होती. दुनहुआंगजवळच्या मोगाव लेण्यांतील भित्तिचित्रांची परंपरा ज्या बौद्ध कलेच्या प्रवासातून घडली, तिचे एक उगमस्थान अजिंठा आहे. चिनी सुशिक्षित वर्गाला दुनहुआंग परिचित आहे. ‘दुनहुआंग पाहिले, आता अजिंठा पाहा’ एवढे सूत्रही त्यांना पुरेसे ठरले असते. मात्र कराराला व्हिसा, उड्डाण व मार्गदर्शक यांची जोड मिळाली नाही, तर तो कागदावरच राहतो.

जपानचे उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. जपानच्या कर्जसाहाय्यातून १९९० च्या दशकापासून अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धन व पर्यटन विकासाचा प्रकल्प दोन टप्प्यांत राबविला गेला. रस्ते, पाणी, विमानतळ, अभ्यागत केंद्र यांत त्यातून गुंतवणूक झाली. जपानी भाषा जाणणारे मार्गदर्शकही या परिसरात तयार झाले. चिनी भाषेच्या बाबतीत असा पाया घातला गेला नाही. वस्तुतः महाराष्ट्राला त्याची परंपरा आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट व प्रा. वा. वि. गोखले यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच चिनी भाषा आत्मसात करून पाली व संस्कृत बौद्ध ग्रंथांची चिनी पाठांशी तुलना केली होती. एका महाविद्यालयाच्या आवारात हे घडू शकले, ही बाब आपण प्राध्यापकांनी ध्यानी घ्यावी.

६. नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. तोरणमाळचे पठार, तापीकाठचे प्रकाशा तीर्थ, सारंगखेड्याचा घोडेबाजार आणि सातपुड्यातील काठीची होळी ही येथील आकर्षणे होत. चिनी पर्यटकांचे लोंढे उद्या तोरणमाळला येतील, असे म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु या विषयाशी जिल्ह्याचा संबंध तीन अंगांनी पोहोचतो.

पहिले अंग व्यापाराचे. नंदुरबारची मिरची बाजारपेठ राज्यात प्रसिद्ध आहे आणि खानदेशचा कापूसही. अलीकडच्या काळात भारतीय मिरचीचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक चीन आहे आणि २०११ नंतरच्या दोन-तीन वर्षांत भारतीय कापसाची मोठी खरेदीही चीननेच केली होती. मिरचीची ही खरेदी मुख्यतः आंध्र-तेलंगणातील ‘तेजा’ वाणाची आहे. खरेदीदार प्रत्यक्ष येऊन माल पाहतो, तपासणीच्या अटी सांगतो आणि त्यातून दर्जाचे नवे मापदंड तयार होतात. नवापूरच्या वस्त्रोद्योग क्षेत्रालाही सुरतमार्गे चिनी यंत्रांच्या बाजारपेठेचा शेजार आहे. व्यवसाय प्रवासाचे शास्त्र वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला शिकविणे या अर्थाने पुस्तकी ठरत नाही.

दुसरे अंग मार्गाचे. नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. याच मार्गाने जळगाव गाठले की तेथून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर आहे. बौद्ध वारशासाठी येणारा कोणताही आशियाई प्रवासी, मग तो चीनचा असो, थायलंडचा असो की व्हिएतनामचा, या पट्ट्यातील तरुणांना मार्गदर्शक, दुभाषा वा वाहन-व्यावसायिक म्हणून काम देऊ शकतो. आपले विद्यापीठ जळगावलाच आहे, ही आणखी एक अनुकूलता.

तिसरे अंग सर्वाधिक महत्त्वाचे असून ते लाभाच्या वाटपाचे आहे. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात ‘गळती’ ही संकल्पना आहे. पर्यटकाने खर्च केलेल्या रकमेपैकी जो भाग स्थानिकांच्या हाती न राहता बाहेर जातो, त्याला गळती म्हणतात. थायलंडमधील ‘शून्य शुल्क’ सहली हे याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रवाशाकडून नाममात्र रक्कम घ्यावयाची आणि त्याला ठरावीक दुकानांत नेऊन चढ्या भावाने खरेदी करावयास लावावयाची, असा हा प्रकार होता. दुकान, बस व हॉटेल एकाच साखळीचे असल्याने गर्दी वाढली, पण गावाच्या पदरी फारसे पडले नाही. चीनने ऑक्टोबर २०१३ मध्ये लागू केलेल्या पर्यटन कायद्याने सक्तीच्या खरेदीला बंदी केली आणि २०१६ मध्ये थायलंडने अशा संस्थांवर कारवाई केली.

या गळतीचे आपल्या दाराशी असलेले रूपही पाहण्यासारखे आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्याच धरणाजवळ, गुजरातच्या हद्दीत, ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १८२ मीटर उंचीचा ‘एकतेचा पुतळा’ उभा राहिला. त्याचे कांस्य पत्रे चीनच्या जिआंग्शी प्रांतातील ओतशाळेत तयार झाले. भांडवल, तंत्र, यंत्र आणि पर्यटक हे सर्व सीमा ओलांडून नर्मदाकाठी पोहोचले, परंतु जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या पाड्यांपर्यंत पर्यटनाचे उत्पन्न त्या प्रमाणात पोहोचले, असे म्हणता येत नाही. पर्यटक जवळ येणे आणि पर्यटनाचा लाभ जवळ येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिल्ल व पावरा समाजाची होळी, नृत्य व वाद्ये ही प्रदर्शनाची वस्तू होणार की समाजाच्या संमतीने आणि नियंत्रणाखाली होणारा पाहुणचार ठरणार, हा निर्णय बाहेरच्या संस्थेने घेऊन चालणार नाही. १९९६ चा पेसा कायदा व महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेले नियम यांनी ग्रामसभेला दिलेले स्थान या संदर्भात उपयोगी पडणारे आहे.

निष्कर्ष

१) चिनी परदेश प्रवासाची वाढ उत्पन्नाबरोबरच शासकीय परवानगी, सुट्यांची रचना आणि व्यापारविस्तार यांच्या संयुक्त परिणामातून झाली.
२) व्यवसाय प्रवास हा विरंगुळ्याच्या प्रवासाचा पूर्वगामी आहे. महाराष्ट्रात पहिला आला, पण दुसऱ्याची वाट तयार होण्यापूर्वीच २०२० मध्ये दोन्ही खंडित झाले.
३) भारताला मान्यता वेळेवर मिळाली होती. उणीव राहिली ती व्हिसा, थेट उड्डाण व भाषा यांच्या सातत्याची.
४) राजकीय तणावात हा प्रवाह अल्पावधीत आटू शकतो. म्हणून कोणत्याही प्रदेशाने एकाच देशाच्या प्रवाशांवर आपली उपजीविका उभी करणे धोक्याचे आहे.
५) पर्यटनाच्या लाभाचे मोजमाप पर्यटकांच्या संख्येवरून न करता स्थानिकांच्या हाती राहिलेल्या रकमेवरून करावयास हवे.

शिफारशी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाविद्यालयांना कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम सुरू करण्याची संधी आहे. तिचा उपयोग करून खानदेशातील एखाद-दोन महाविद्यालयांनी एकत्र येऊन आशियाई भाषांचा प्राथमिक अभ्यासक्रम आणि वारसा-मार्गदर्शक प्रशिक्षण सुरू करावे. एकाच भाषेवर भर न देता मँडरिनबरोबर जपानी वा थाई भाषेचाही पर्याय ठेवावा, म्हणजे राजकीय चढउतारांत विद्यार्थ्याचे शिक्षण वाया जाणार नाही. पर्यटन भूगोलाच्या अध्यापनात आशियाई प्रवाशांची उदाहरणे आणि गळतीची संकल्पना यांना स्थान द्यावे. सारंगखेडा यात्रेत व तोरणमाळला येणाऱ्या प्रवाशांचा खर्च कोठे जातो, याची पाहणी पदवी स्तरावरील प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. अशी आधारभूत माहिती हाती असेल तर उद्या पर्यटक कोणत्याही देशातून आला, तरी त्याच्या स्वागताच्या अटी ठरविण्यात आपल्या गावांचा शब्द राहील.

२०२५ मध्ये व्हिसा आणि विमानसेवा यांची दारे पुन्हा किलकिली झाली आहेत. ती किती उघडतील, हे दिल्ली आणि बीजिंग ठरवतील. ती उघडतील तेव्हा आपला विद्यार्थी उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला उभा असेल, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या वर्गखोल्यांत ठरणार आहे.